दोन बोटांचा ब्रेक

जुन्या मोटरसायकलचा पुढचा ब्रेक सहसा एकदम दगा देत नाही. दगा दिला असता तर निदान कळलं तरी असतं. तो करतो ते असं: तुम्ही लिव्हर दाबता, तो ऐकून घेतो आणि मग सवडीने कामाला लागतो. चारही बोटं लिव्हरवर आवळलेली, पुढच्या वाहनाचा लाल दिवा मोठा होत चाललेला, आणि गाडी मात्र आपल्या वयाला शोभेल अशा बेताने वेग कमी करतेय. रोज चालवणाऱ्याला याची सवय होते. तो अंतर जास्त ठेवतो, उतार लागायच्या आधीच गिअर खाली आणतो, पावसात बराच आधीपासून लिव्हर हलकी दाबून डिस्क कोरडी करून घेतो. ब्रेकचं निम्मं काम असं आपणच उरकत असतो आणि वर म्हणतो, "ब्रेक तसा ठीक आहे."

माझी गाडी सत्तरच्या दशकातल्या घडणीची. पुढे एकच डिस्क, तिच्यावर एका पिस्टनचा कॅलिपर (डिस्कला दोन्ही बाजूंनी पॅडच्या चिमटीत धरणारा भाग), बारीक नळ्यांचे शॉकअप, आऱ्यांची चाकं. तिचा पुढचा ब्रेक सुधारायला घेतला तेव्हा मनात चित्र होतं ते दिसायला दणकट वस्तूंचं: मोठी डिस्क, चार पिस्टनचा कॅलिपर, चकाकती ब्रॅकेट. प्रत्यक्षात फरक पडला तो जवळजवळ सगळा न दिसणाऱ्या जागी. हे लिहायचं कारणही तेच.

आधी पुढच्या ब्रेकबद्दलची भीती बाजूला सारू. "पुढचा मारू नकोस, तोंडावर आपटशील" हे वाक्य प्रत्येकाने सायकल शिकताना ऐकलेलं असतं, आणि कित्येक जण त्या एका वाक्यावर आयुष्यभर मागच्या ब्रेकच्या भरवशावर गाडी चालवतात. गणित उलटं आहे. समजा दोन्ही चाकांच्या आसांमधलं अंतर १४०० मिलिमीटर, गाडी आणि स्वार मिळून गुरुत्वमध्य जमिनीपासून ६०० मिलिमीटरवर, आणि उभ्या गाडीचं वजन दोन्ही चाकांवर निम्मं-निम्मं. कोरड्या रस्त्यावर गुरुत्वाकर्षणाच्या ०.८ पट जोराने ब्रेक लागला, तर एकूण वजनाचा ३४ टक्के हिस्सा मागून पुढे सरकतो. पुढच्या चाकावर ८४ टक्के, मागच्यावर जेमतेम १६. ज्या चाकावर भारच उरलेला नाही, त्याने रस्ता धरायचा तरी कसा? मागचा ब्रेक कितीही चांगला करा, त्या १६ टक्क्यांच्या पलीकडे त्याच्या हातात काही नाही.

आता अंतर बघा. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी ०.८ पटीने थांबली तर साधारण साडेएकतीस मीटरमध्ये उभी राहते. ब्रेक मवाळ असेल आणि ०.५ पटच मिळत असेल, तर पन्नास मीटर. अठरा-एकोणीस मीटर जास्त, एवढंच वाटतं. पण पहिली गाडी जिथे उभी राहिली, नेमक्या त्या जागेवरून दुसरी गाडी ताशी ४९ किलोमीटर वेगाने पुढे जात असते. हा आकडा मी काढला त्या दिवशी "तसा ठीक आहे" हे शब्द माझ्या तोंडून गेले ते गेलेच.

आणि हा वेग जातो कुठे? उष्णतेत. गाडी आणि स्वार मिळून अडीचशे किलो धरले, तर ताशी ८० वरून थांबताना सुमारे ६२ किलोज्यूल ऊर्जा ब्रेकला रिचवावी लागते. पेलाभर, म्हणजे दोनशे मिलिलिटर साध्या पाण्याला उकळी आणायला साधारण एवढीच लागते. फरक एवढाच की इथे ते तीन सेकंदांत उरकायचं असतं, आणि त्यातला मोठा वाटा एकट्या पुढच्या डिस्कच्या पोटात जातो.

ड्रम ब्रेक, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डब्याला आतून दोन अर्धगोल शू दाबून थांबवणारा ब्रेक, इथेच मागे पडला. तसा तो बिचारा नव्हता. दोन्ही शू फिरणाऱ्या ड्रमच्या दिशेने उघडणारे असले की ड्रमच त्यांना आत खेचून घेतो आणि हाताच्या जोरात आपली भर घालतो. नीट जुळवलेला असा ब्रेक पहिल्या एक-दोन वेळा आजही अवाक करतो. सुझुकीच्या जीटी ७५० ला सुरुवातीला पुढे दोन्ही बाजूंनी मिळून चार शूंचा ड्रम होता. दिसायला तो इतका देखणा की काही लोक डिस्क असलेल्या गाडीवरही तो हब बसवून घेतात. पण ड्रम तापला की फुगतो, शूपासून लांब जातो, लायनिंगची पकड घटते, आणि उष्णता आत कोंडलेली राहते. घाटाच्या तळाशी पोचेपर्यंत लिव्हर हँडलला टेकायला येते. डिस्क उघड्यावर असते, वारा खात असते, आणि तापून फुगली तर जाड होते, म्हणजे पॅडच्या जवळच येते. लॅम्ब्रेटाने १९६२ साली टीव्ही १७५ स्कूटरला पुढे केबलवर चालणारी डिस्क दिली होती, पण खरं वारं फिरलं ते १९६९ मध्ये, होंडाची सीबी ७५० हायड्रॉलिक, म्हणजे ऑइलच्या दाबावर चालणारी डिस्क घेऊन आली तेव्हा. त्यानंतर दहा वर्षांत मोठ्या गाडीला पुढे ड्रम म्हणजे मागासलेपणाची खूण झाली.

त्या पहिल्या पिढीच्या डिस्कमध्ये एक खोट मात्र होती. गंज दिसू नये म्हणून बऱ्याच उत्पादकांनी त्या स्टेनलेस पोलादाच्या केल्या. चकचकीत राहिल्या, पण ओल्या झाल्या की पॅड नुसतंच पाण्यावरून घसरायचं. लिव्हर दाबायची, मनातल्या मनात एक-दोन म्हणायचं, आणि मग अचानक पकड यायची. इटालियन गाड्यांच्या बिडाच्या डिस्क रात्रीतून लालसर गंज धरायच्या, पण चावायच्या चांगल्या. नंतर डिस्कला भोकं आली, सिंटर्ड धातूची (धातूची भुकटी दाबून, तापवून घट्ट केलेली) पॅड आली, आणि पावसातलं ते "एक-दोन" गेलं. म्हणून जुन्या स्टेनलेस डिस्कवर जुन्याच पद्धतीची पॅड घालण्याचा हट्ट मला समजत नाही. प्रदर्शनात उभी करायची असेल तर गोष्ट वेगळी.

माझं पहिलं मत, आणि यावर मी कुणाशीही वाद घालायला तयार आहे: नवीन काही विकत घ्यायच्या आधी जुना ब्रेक नव्यासारखा करून बघावा. आपण ज्याला शिव्या घालत असतो तो ब्रेक कारखान्यातून बाहेर पडलेला ब्रेक नसतोच. चाळीस-पन्नास वर्षांच्या ओलाव्याने आणि दुर्लक्षाने उरलेला त्याचा सांगाडा असतो.

कॅलिपर खोलला. पिस्टन बाहेर काढला की आतल्या भिंतीत एक खाच दिसते आणि तिच्यात चौकोनी काटछेदाचं एक रबरी सील. या सीलचं काम बघण्यासारखं आहे. लिव्हर दाबल्यावर पिस्टन पुढे सरकतो, सील त्याला घट्ट धरून असतं, म्हणून ते जागच्या जागी किंचित पिळवटतं. लिव्हर सोडली की रबर मूळ आकारात यायला बघतं आणि येता येता पिस्टनला केसभर मागे ओढून घेतं. पॅड डिस्कपासून सुटतं ते एवढ्याच्या जोरावर. आत स्प्रिंग नाही, काही नाही. पॅड झिजलं तर पिस्टन सीलमधून तेवढा पुढे घसरतो आणि नव्या जागेवर पुन्हा तोच खेळ. ड्रमसारखा नट फिरवून डिस्क ब्रेक ॲडजस्ट करावा लागत नाही तो यामुळेच.

आता सील काढून खाचेत नखाने खरवडून बघा. तळाशी पांढुरका, खरखरीत थर लागतो. ॲल्युमिनिअमचा गंज तो. वर्षानुवर्षं साचून तो सीलला मागून ढकलत राहतो आणि सील पिस्टनला आवळतं. मग रबराच्या त्या केसभर मागे येण्याला वावच राहत नाही, पॅड डिस्कला घासत राहतं, डिस्क तापते, चाक हाताने फिरवलं तर सुस्कारा टाकल्यासारखा आवाज करत थांबतं. लोक नवं सील टाकतात, खाच तशीच ठेवतात, आणि ब्रेक पुन्हा चिकटला की सील बनवणाऱ्याच्या नावाने बोटं मोडतात. मी एका जुन्या दाभणाचं टोक आकड्यासारखं वाकवून घेतलं आणि भिंग लावून ती खाच गोलगोल साफ करत बसलो. कंटाळवाणं काम, पण संपल्यावर नवं सील खाचेत बसलं ते असं, की पिस्टन नुसत्या अंगठ्याने आत गेला. पिस्टनचा क्रोम जिथे पॅडच्या बाजूला उघडा पडतो तिथे टोचे पडले होते, म्हणून तो बदलला. टोचे पॉलिश पेपरने घासून काढता येतात असं सांगणारे भेटतात. क्रोमच गेला तर खाली राहिलं काय, हे ते सांगत नाहीत.

असा एका पिस्टनचा कॅलिपर दोन पिनांवर सरकतो. सरकला तरच डिस्कच्या पलीकडचं पॅड ओढलं जातं. पिना सुकल्या की एकच पॅड काम करतं आणि डिस्क वाकवत राहतं. साफसफाई, सिलिकॉनचं ग्रीस, नवी रबरी बुटं. एवढ्यावर हा विषय संपतो.

रबरी पाइपाची परीक्षा अगदी सोपी. एका हाताने लिव्हर पूर्ण जोराने दाबायची आणि दुसऱ्या हाताच्या मुठीत पाइप धरायचा. जुना पाइप मुठीत फुगलेला कळतो. आपल्या बोटांचा जोर पॅडवर जाण्याऐवजी तिथे, रबराचं पोट फुगवण्यात खर्ची पडत असतो. काही पाइप बाहेरून धडधाकट दिसतात पण आतून सुजून बंद होत आलेले असतात: ऑइल जोराने खाली जातं, परत यायला मात्र मागत नाही, आणि ब्रेक लागलेलाच राहतो. आत टेफ्लॉन आणि वर पोलादी तारांची वीण असलेला पाइप घातला. जोडाच्या पोकळ बोल्टला दोन्ही बाजूंनी तांब्याची नवी वॉशर. जुनी एकदा दबलेली असतात, ती पुन्हा वापरण्यात कसली बचत? बोल्टच्या आट्याही तपासून घ्याव्यात. १० मिलिमीटरच्या याच बोल्टला १.० आणि १.२५ मिलिमीटर अशा दोन पिचच्या (दोन आट्यांमधल्या अंतराच्या) आट्या मिळतात, आणि चुकीचा बोल्ट सुरुवातीचे एक-दोन फेरे बिनबोभाट आत जातो.

मग वळलो मास्टर सिलिंडरकडे, म्हणजे लिव्हरपाशी बसलेल्या, ऑइल ढकलणाऱ्या पंपाकडे, आणि या सगळ्या खटाटोपाचं मर्म तिथे निघालं.

आधीच्या कुणा मालकाने या गाडीवर ५/८ इंच बोअरचा (आतल्या व्यासाचा) मास्टर सिलिंडर बसवला होता. दोन डिस्कच्या गाडीला तो शोभला असता. त्याची लिव्हर कशी, तर दगड. दाबली की जराशी सरकते आणि थांबते. बघायला आलेला प्रत्येक जण लिव्हर दाबून म्हणायचा, "वा, ब्रेक कडक आहे." कडक होता हे खरं. पण कडक लिव्हर म्हणजे जोरदार ब्रेक हा समज अगदी उफराटा आहे. दाब म्हणजे जोर भागिले क्षेत्रफळ. तेवढ्याच बोटांच्या जोराने लहान पिस्टन ढकलला तर ऑइलमधला दाब जास्त. ५/८ ऐवजी १/२ इंच बोअर घेतलं, तर व्यासाचं गुणोत्तर १.२५, क्षेत्रफळाचं त्याचा वर्ग, म्हणजे १.५६. त्याच हाताने, त्याच कॅलिपरवर, त्याच डिस्कवर ५६ टक्के जास्त जोर. याउलट डिस्क २६० मिलिमीटरची काढून ३०० ची बसवली असती, तर वाढ मिळाली असती पंधरा-अठरा टक्के, आणि त्यासाठी नवी डिस्क, नवी ब्रॅकेट, कॅलिपरची नवी जागा हे सगळं आलंच.

फुकट अर्थात काही मिळत नाही. जोर ५६ टक्के वाढला तर लिव्हरचा प्रवासही तेवढाच वाढतो, ती दीडपट सरकते आणि हाताला मऊ लागते. इथे पुष्कळ जण घाबरतात आणि पुन्हा मोठं बोअर लावून मोकळे होतात. पण हा मऊपणा हवेचा नव्हे. हवेचा मऊपणा दोन-तीनदा भराभर पंप केला की बदलतो; हा बदलत नाही. या प्रवासातच बोटांना कळायला लागतं की टायर काय करतोय. दगडी लिव्हर काहीच सांगत नव्हती. तिच्यात "लागलाय" आणि "घसरलाय" यांच्यामध्ये जागाच नव्हती. बोअर फार लहान केलं तर मात्र लिव्हर हँडलला टेकेल आणि ब्रेक पुरता लागायच्या आत प्रवास संपेल. म्हणून कॅलिपरचे पिस्टन मोजून, गुणोत्तर काढून मगच बोअर ठरवावं.

पॅडवर दोन रोमन अक्षरं छापलेली असतात, ती बघून घ्यावीत: पहिलं थंड असतानाच्या घर्षणाचं, दुसरं तापल्यावरचं. 'जी' म्हणजे घर्षणांक ०.४५ ते ०.५५, 'एच' म्हणजे ०.५५ च्या वर. दोन्ही अक्षरं 'एच' असली की सगळे खूश होतात. बिडाच्या डिस्कवर असली सिंटर्ड पॅड घातली तर ती डिस्क खाऊन टाकतात, एवढं ध्यानात ठेवलेलं बरं. डिस्कवर कमीत कमी जाडी कोरलेली असते; तिच्याखाली गेली असेल तर बाकीचं सगळं बोलणं व्यर्थ.

मोठ्या कॅलिपरचा मोह मला झाला नाही असं नाही. नव्या गाडीचा चार पिस्टनचा कॅलिपर हातात घेतला की तो लावावासाच वाटतो. पण ब्रेक लागताना कॅलिपर डिस्कबरोबर फिरायला बघतो आणि त्याला अडवून धरते ती ब्रॅकेट आणि तिच्यामागचा शॉकअपचा पाय. एकाच बाजूला डिस्क असली की तो सगळा पीळ एकाच पायात. बारीक नळ्यांचा फोर्क (दोन्ही शॉकअपची जोडी) मग ब्रेक मारताच एका अंगाला वळल्यासारखा वाटतो. इंटरनेटवर पातळ पत्र्याच्या ब्रॅकेटवर टांगलेले सहा पिस्टनचे कॅलिपर बघितले की माझ्या पोटात गोळा येतो. कुणाला लावायचाच असेल तर ब्रॅकेट जाड, चांगल्या मिश्रधातूची, नीट मशीन केलेली हवी, आणि हवा काढायचा निपल सगळ्यात वर यायला हवा. तो खाली आला तर आतला बुडबुडा कधीच बाहेर येणार नाही, कितीही बाटल्या ओता.

हवा काढणं हा सहनशक्तीचा भाग. रिकाम्या सिस्टिममध्ये वरून पंप करत बसलं तर ऑइल खाली जातं आणि बुडबुडे वर, दोघांची वाटेत गाठ पडते आणि कुणीच पुढे सरकत नाही. त्यापेक्षा सिरिंजने खालच्या निपलमधून ऑइल वर चढवावं, बुडबुड्यांना जिकडे जायचंच आहे तिकडे जाऊ द्यावं. शेवटचा चिवट बुडबुडा हमखास मास्टर सिलिंडरच्या तोंडाशी, पाइपाच्या जोडात अडकतो, कारण बहुतेक गाड्यांत सगळ्यात उंच जागा तीच. मास्टर सिलिंडरवरच्या ऑइलच्या टाकीचं झाकण काढून लिव्हर अगदी थोडी, जेमतेम हलेल इतकीच दाबत राहिलं, की तळाच्या सुईच्या टोकाएवढ्या भोकातून मोहरीहून बारीक बुडबुडे एकेक करून वर येताना दिसतात. बघत बसण्यासारखं दृश्य आहे. मग रात्रभर लिव्हर हँडलला बांधून ठेवायची. सकाळी उरलीसुरली हवा वर आलेली असते. त्याच भोकात कचरा अडकला तर तापलेल्या ऑइलला परत यायला वाट राहत नाही आणि ब्रेक आपोआप आवळत जातो.

ब्रेकचं ऑइल डॉट ४ प्रतीचं. ताजं असताना त्याचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असावा लागतो, पण ते हवेतला ओलावा पीत राहतं, आणि ३.७ टक्के पाणी मुरल्यावर तोच किमान १५५ अंशांपर्यंत उतरू शकतो. उकळलं की वाफ, वाफ दाबली जाते, आणि लिव्हर रिकामी जाते. दोन वर्षांनी बदलायचं, गाडी चालो वा न चालो. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, नंबर पुढचा दिसला म्हणून ते यात मिसळायचं नाही. आणि डॉट ४ चा थेंब पेट्रोलच्या टाकीवर पडला तर लगेच पाण्याने धुवायचा, नाहीतर रंग गेलाच.

पहिल्या दिवशी नवा ब्रेक निराशच करतो. पॅड अजून डिस्कशी जमवून घेत असतं. मोकळ्या रस्त्यावर पन्नास-साठच्या वेगावरून दहापर्यंत यायचं, पूर्ण थांबायचं नाही, थोडं थंड होऊ द्यायचं, पुन्हा तेच. हळूहळू पॅडचा पातळ थर डिस्कवर सारखा बसतो आणि पकड वाढत गेलेली बोटांना कळते. मग एका उतारावर लक्षात आलं की लिव्हरवर दोनच बोटं आहेत. बाकीची दोन हँडल धरून स्वस्थ होती.

आता जोर हाताशी आला म्हटल्यावर तो वापरायची रीतही बदलावी लागली. जुन्या ब्रेकला झटका दिला तरी चालायचं, कारण तो झटका वाटेतच विरायचा. आता तसं केलं तर भार पुढे यायच्या आतच टायर सुटेल. आधी हलकं दाबायचं, शॉकअप खाली बसू द्यायचे, टायर रस्त्यावर दबला की मग जोर वाढवायचा. टायरचंही तेच. त्याच्या कडेवर चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी रबर वयाने टणक होतं, आणि टणक टायरवर चांगला ब्रेक म्हणजे लवकर घसरायची सोय.

शॉकअप आता पूर्वीपेक्षा खोल बसतात, म्हणून त्यातलं ऑइल जरा जाड घातलं, स्प्रिंगचं बघू. मागच्या ड्रमचं मात्र उलटं झालं. पुढचा ब्रेक जोरात लागला की मागचं चाक इतकं हलकं होतं की नेहमीच्या सवयीने पाय पडला तरी ते लॉक होऊन फरफटतं. म्हणून पुढचा ब्रेक वाढवायच्या कामातलं शेवटचं काम निघालं मागचा कमी करायचं: पेडल दोन बोटं खाली बसवलं आणि पायाला त्यावर पूर्वीइतका जोर काढता येणार नाही असं केलं.